पत्ता नसलेली बॅटरी

मागच्या मे महिन्यात रात्री साडेबाराला मामीचा लातूरहून फोन आला. एवढ्या रात्री वाजलेला फोन उचलताना माणूस घरातल्या म्हाताऱ्यांची यादी मनातल्या मनात वाचतो, तशी मी पुण्यात बसून वाचली. मामी म्हणाली, "घाबरू नको, सगळे बरे आहेत. पण दुकानात काहीतरी जळलंय आणि तुझे मामा ते हातानं उचलायलेत. तू सांग त्यांना."

'ते' म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी.

मामांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. लग्नसराईत ते सकाळी सहाला हळदीच्या ऑर्डरला निघतात आणि रात्री अकराला परत येतात. आल्यावर आधी कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, मग बॅटऱ्या चार्जिंगला, मग जेवण. हा क्रम मी लहानपणापासून बघत आलोय. त्या रात्री जेवून हात धुताना त्यांना दुकानातून फुसफुस ऐकू आली, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. जाऊन बघतात तर चार्जरमधली एक बॅटरी फुगलेली, तिच्या शिवणीतून करडा धूर, आणि मग ठिणग्या. टेबलाचा सनमायका ताटलीएवढा जळाला. शेजारच्या अल्बमच्या खोक्याचा कोपरा काळा पडला. मी फोनवर ओरडेपर्यंत मामीनंच स्वयंपाकघरातली सांडशी आणून दिली होती. मामांनी त्या सांडशीत बॅटरी धरून परसात नेली आणि शेजारच्या बांधकामाची वाळू पडली होती तिच्यात पुरली. मागच्या खोलीत मामेबहीण झोपलेली होती. नीटची तयारी करते. त्या खोलीतून रस्त्यावर यायला दुकानातूनच यावं लागतं.

सगळं निवल्यावर मी मामांना जे वाक्य म्हणालो, ते मागं घ्यायला हा लेख लिहितोय. मी म्हणालो, "मामा, किती वेळा सांगितलं, स्वस्तातलं घेऊ नका, ओरिजिनल घ्या."

मामा म्हणाले, "तू ओरिजिनल दाखव, मी घेतो."

तेव्हा कळलं की त्यांच्या सहा बॅटऱ्यांपैकी एक त्यांनी पूर्ण किंमत मोजून 'ओरिजिनल' म्हणून घेतली होती. चकाकता स्टिकर, कंपनीचं नाव, सगळं होतं. दीड सीझनमध्ये ती अर्ध्या तासावर आली. कॅमेरा सर्व्हिसिंगला दिला तेव्हा तिथल्या पोरानं हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की ही नक्कल आहे. म्हणजे मामांनी ओरिजिनलचे पैसे भरून नक्कल घेतली आणि नकलेचे पैसे भरून नक्कल घेतली. दुसऱ्या सौद्यात निदान फसवणूक तरी नव्हती.

आता हिशेब बघा. दोन कॅमेरे, एका लग्नाला सहा बॅटऱ्या. एलईडी लाइटच्या वेगळ्या. त्यांच्या कॅमेऱ्याची ओरिजिनल बॅटरी ५-६ हजारांच्या घरात, तीही ऑर्डर देऊन मागवावी लागते. तशाच आकाराची दुसऱ्या कुणाची तरी ८०० रुपयांत, आज सांगितली की परवा घरपोच. 'जिवापेक्षा पैसे मोठे आहेत का' असं विचारणारे लोक महिन्याच्या एक तारखेला पगार होणारे असतात. मीही त्यातलाच. दर लग्नाला पार्टीशी घासाघीस करून, अल्बमचे पैसे अल्बम दिल्यावर आणि कधीकधी पहिलं बाळ झाल्यावर मिळवणाऱ्या माणसाला हा प्रश्न तसा विचारता येत नाही.

या विषयावर दोनच मतं ऐकू येतात. एक माझं त्या रात्रीचं: ओरिजिनलच घ्या. दुसरं मामांच्या व्यवसायबंधूंचं: काही होत नाही, मी दहा वर्षं वापरतोय. दुसरं मत मूर्खपणाचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते अनुभवावर उभं आहे. बहुतेक स्वस्त बॅटऱ्या खरंच पेटत नाहीत. त्या फुगतात, लवकर उतरतात, ऐन सप्तपदीत दगा देतात आणि कचऱ्यात जातात. पण 'पेटत नाहीत' हा अनुभव ज्याची पेटली नाही त्याचाच असतो. आणि पहिलं मत शहाणपणाचं वाटत असलं तरी त्यात एक खोट आहे, ती मला २००७ साल आठवल्यावर दिसली.

त्या वर्षी मी पाचवीत होतो. १४ ऑगस्टला नोकियानं जाहीर केलं की बीएल-५सी नावाच्या त्यांच्या बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात. जपानच्या मात्सुशितानं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेला तो माल होता. जगभरात मिळून साधारण शंभर तक्रारी आल्या होत्या. आमच्या गल्लीत मात्र 'नोकियाचा बॉम्ब' एवढंच पोचलं. ज्याच्या-त्याच्या खिशात ११०० किंवा १६००, आणि दोन्हीत हीच बॅटरी. लोक फोन लांब धरून बोलायला लागले. वडिलांनी फोन उघडला, चष्मा लावला, बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षरांचा नंबर माझ्याकडून कागदावर उतरवून घेतला आणि आम्ही दोघं नेट कॅफेत गेलो. नंबर टाकला. बॅटरी ठीक असल्याचं उत्तर आलं. वडिलांनी कॅफेवाल्याला दहा रुपये दिले आणि आम्ही घरी आलो.

त्या वेळी घाबरायची जेवढी गंमत वाटली तेवढी उत्तराची वाटली नव्हती. आज वाटते. बॅटरी ओरिजिनल होती आणि तरी धोक्याची असू शकत होती. पण तिच्यावर एक नंबर होता, तो नंबर विचारायला एक जागा होती, आणि त्या जागी नाव-गाव असलेलं कुणीतरी बसलेलं होतं.

ओरिजिनलच्या नावावर अशा पुष्कळ गोष्टी जमा आहेत. ऑगस्ट २००६मध्ये डेलनं ४१ लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागवल्या. आतले सेल सोनीचे होते, म्हणजे ज्या कंपनीनं १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली तिचे. २०१६मध्ये सॅमसंगचा नोट ७ विमानात न्यायला बंदी आली आणि शेवटी फोनच गुंडाळावा लागला. कॅमेऱ्याचं उदाहरण हवं असेल तर एप्रिल २०१२मध्ये निकॉननं स्वतःच्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्यांचे काही लॉट बदलून दिले. १४ अक्षरांच्या लॉट नंबरातलं नववं अक्षर 'ई' किंवा 'एफ' असेल तर ती बॅटरी परत करायची. नववं अक्षर! कारखान्यात काय बिघडलं, कधी बिघडलं आणि बिघडलेला माल कुठल्या पेटाऱ्यांत गेला हे त्यांना अक्षरानिशी माहीत होतं.

मामांच्या जळलेल्या बॅटरीचं खोकं मामीनं जपून ठेवलं होतं. त्यावर कॅमेऱ्याच्या मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली २६५० एमएएच, चीनमध्ये बनल्याची एक ओळ, एक कचऱ्याच्या डब्याचं चित्र. बनवणाऱ्याचं नाव नाही. आयात करणाऱ्याचं नाव नाही. लॉट नंबर नाही, महिना नाही, किंमत नाही. एखाद्या दिवशी त्या कारखान्यातल्या कुणाला पश्चात्ताप झाला आणि 'त्या आठवड्यातला माल परत द्या' असं त्याला सांगावंसं वाटलं, तरी तो सांगणार कुणाला आणि आम्ही ऐकणार कसे?

एमएएचबद्दल थोडं. कॅननच्या एलपी-ई६ या घराण्यातली पहिली बॅटरी २००८मध्ये आली, १८०० एमएएचची. २०१४मध्ये त्याच आकाराची १८६५ची आली, आणि २०२०मध्ये २१३०ची. त्याच डबीत तीनशे-साडेतीनशे जास्तीचे कोंबायला त्यांना बारा वर्षं लागली. आणि कुणीतरी अनामिक त्याच डबीवर २६५० छापून ती ८०० रुपयांना विकतो. मी मामांच्या उरलेल्या बॅटऱ्या पुण्याला आणून मीटरवर उतरवून बघितल्या. २६५०वाली चौदाशेच्या आसपास थांबली. गावात दूध मापात कमी आलं तर लोक गवळ्याच्या दारात जातात. इथं निम्म्यालगत माप मारलंय आणि दार सापडत नाही. यात पेटण्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध एवढाच, की जो खोक्यावर इतकं बिनधास्त खोटं छापतो तो खोक्याच्या आत खरं वागेल अशी अपेक्षा कशावर ठेवायची?

आत काय असतं ते सांगतो, कारण 'स्वस्त म्हणून पेटते' हे अर्धवट आहे. अशा बॅटरीत सहसा बोटाएवढे दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये धातूच्या दोन पट्ट्यांची गुंडाळी, त्यांच्यामध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं. पडदा फाटला किंवा १३० अंशांच्या आसपास वितळला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, त्यातून आणखी उष्णता होते, ती पुढची रासायनिक क्रिया सुरू करते, आणि मग बाहेरून वीज काढून घेतली तरी ते थांबत नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या बॅटरीत एक छोटी पाटी असते. ती दोन्ही सेलवर वेगवेगळं लक्ष ठेवते. दोन बैलांची जोडी असते तसं हे आहे. एक दमदार, एक म्हातारा. चार्जर जोडीला मिळून ८.४ व्होल्ट देतो. दोघं सारखे असतील तर प्रत्येकी ४.२ वाट्याला येतात. एक कमजोर झाला की वाटणी बिघडते, एकाच्या वाट्याला मर्यादेपेक्षा जास्त येतं. दोघांवर वेगवेगळी नजर असेल तर पाटी चार्जिंग तोडते. नजर फक्त बेरजेवर असेल तर तिच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं.

दुसरी राखण तापमानाची. पुष्कळ बॅटऱ्यांवर प्लस आणि मायनसच्या मध्ये आणखी एक पत्रा असतो, त्याच्याजवळ 'टी' लिहिलेलं असतं. आत थर्मिस्टर बसवलेला असतो. गरम-थंड होईल तसा त्याचा रोध बदलतो आणि त्यावरून चार्जरला कळतं की बॅटरी तापली, आता थांबावं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात, दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बॅगेतून काढलेली बॅटरी लातूरला किती अंशांवर असेल याचा अंदाज ज्यानं-त्यानं करावा.

मामांच्या तीन बॅटऱ्या मी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या: एका मित्राकडून आणलेली खात्रीची ओरिजिनल, दुसऱ्या एका कंपनीची मध्यम किमतीची, आणि जळालेलीची जुळी बहीण. खोलीच्या तापमानाला तिघींच्या 'टी'वर मीटरनं साधारण नऊ-दहा किलोओहम दाखवले होते. फ्रिजमधून काढल्यावर ओरिजिनल वीसच्या पुढं गेली. मध्यमवालीही गेली. जुळी बहीण दहाच्या दहावर. परत बाहेर ठेवली, दहा. उन्हात ठेवली, दहा. तिच्यात थर्मिस्टर नव्हताच. काही पैशांचा साधा रोधक बसवला होता, जो चार्जरला बारा महिने चोवीस तास सांगत राहतो की हवा छान आहे. ती जळालेली बॅटरी नेमकी याच कारणानं पेटली असं मी सिद्ध करू शकत नाही. पण पेटत असताना तिनं चार्जरला काय कळवलं असेल ते मला माहीत आहे.

मध्यमवाली पास झाली हे विसरू नका. तीही ओरिजिनल नव्हती.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून मला या सगळ्यात सर्वांत जास्त चीड कशाची आली ते सांगतो. त्या जुळ्या बहिणीत ओळख पटवणारी चिप होती आणि ती उत्तम चालत होती. कॅमेऱ्यात घातली की टक्केवारी दाखवायची, नाव बरोबर सांगायची. म्हणजे ज्यानं थर्मिस्टरचे पैसे वाचवले त्यानं चिपवर मेहनत घेतली होती. साहजिक आहे. चिप नसली तर कॅमेरा तक्रार करतो आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतो. थर्मिस्टर नसला तर कुणीच काही म्हणत नाही, एका रात्रीपर्यंत. कॅमेरा कंपन्यांनी बॅटरीला विचारायचा प्रश्न ठरवला: 'तू कुणाची?' नकला करणारे त्याच प्रश्नाचं उत्तर पाठ करून आले. 'तू ठीक आहेस ना?' हा प्रश्न विचारला असता तर त्यांना त्याची तयारी करावी लागली असती.

कॅननच्या काही कॅमेऱ्यांत याची कमाल बघायला मिळते. बॅटरीशी बोलणं नीट जमलं नाही की पडद्यावर विचारणा येते: या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? 'नाही' म्हटलं तर कॅमेरा बंद होतो. 'हो' म्हटलं की चालू. आमच्याकडं एखाद्या ज्युनियरनं 'तुम्ही ॲडमिन आहात का? हो/नाही' असं लॉगिन पान केलं तर त्याला चहाच्या टपरीवर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. ही विचारणा सुरक्षेसाठी नाहीच. उद्या काही झालं तर 'आम्ही विचारलं होतं' असं म्हणता यावं म्हणून आहे. आणि मामांच्या एलईडी लाइटला तर एवढंही विचारता येत नाही. त्याला बॅटरी अडकवली की तो पेटतो, एवढंच त्याचं शिक्षण.

आतला फरक बाहेरून दिसत नाही, हे मी माझ्या फ्रिजवरूनच म्हणत नाही. २०२५मध्ये अमेरिकेतल्या लुमाफिल्ड नावाच्या कंपनीनं १८६५० प्रकारचे हजाराहून जास्त सेल सीटी स्कॅनमधून काढले. दवाखान्यात माणसाचा काढतात तसाच स्कॅन. एका गंभीर दोषासाठी, म्हणजे आतल्या पट्ट्यांची कड नको तिथं पुढं-मागं झालेली असण्यासाठी, ३३ सेल सापडले. सगळे स्वस्त किंवा नक्कल केलेल्या नावांचे. नावाजलेल्या कंपन्यांच्या सेलमध्ये एकही नाही. हे ओरिजिनलवाल्यांच्या बाजूचंच आहे, मला मान्य आहे. फक्त मला सांगा, लातूरच्या माणसानं सीटी स्कॅन कुठं करायचा?

"अरे, पण सरकार बघत असेल ना," असं मामी म्हणाली. तिचा सरकारवर विश्वास आहे, तिनं शिक्षक भरतीची वाट पाहिलेली नाही. आणि गंमत म्हणजे कागदावर सरकारनं बघितलेलं आहे, एकदा नाही, चार वेळा. भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत अशा बॅटऱ्या आहेत. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६. त्यात सेल शॉर्ट करून बघतात, चिरडून बघतात, १३० अंशांपर्यंत तापवून बघतात, एक मीटरवरून टाकून बघतात. पास झालेल्या कारखान्याला 'आर'नं सुरू होणारा नंबर मिळतो, तो मालावर छापावा लागतो, आणि 'बीआयएस केअर' नावाच्या ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव-पत्ता दिसतो. म्हणजे २००७च्या नेट कॅफेची सोय आज खिशात आहे. २०११च्या वैधमापन नियमांनुसार कुठल्याही आवेष्टित वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना, किंमत आणि तक्रारीचा नंबर छापलेला हवा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरून झालेली बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर टाकली, आणि त्यात आयातदारही धरला.

चौथा कायदा मला सगळ्यात आवडला. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा, कलम ८६. सदोष वस्तूनं नुकसान झालं आणि ती बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार. वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. पत्ता नसलेला माल विकला तर विकणाऱ्याचा पत्ताच मालाचा पत्ता! आणि पोटासाठी एकट्यानं धंदा करणारा मामांसारखा माणूसही या कायद्यात ग्राहक धरला जातो. एवढा सरळ न्याय कायद्याच्या भाषेत क्वचित वाचायला मिळतो.

मग हे चार कायदे ओलांडून ते खोकं मामांच्या टेबलावर आलं कसं? आलं, कारण चारही कायद्यांची अंमलबजावणी दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या वस्तूची कल्पना करून बसलीय, जिथं कधीतरी इन्स्पेक्टर येऊन वस्तू हातात घेईल. ऑनलाइन यादीत वस्तू हातात येतच नाही. येतो तो फोटो, आणि फोटोत खोक्याची पुढची बाजू असते. नाव-पत्ता मागच्या बाजूला छापायचा असतो. गावातल्या दुकानदाराचंही वेगळं नाही. तोही तिथूनच ठोक मागवतो.

हे थांबवता येत नाही असं मात्र कुणी सांगू नये. २०२२च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. कशासाठी? मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिले म्हणून. ॲमेझॉनवरून असे २२६५ कुकर गेले होते; ते विकत घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश निघाला. एक लाख हा त्यांच्यासाठी चहापाण्याचा खर्च आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. कुणी कोणता कुकर घेतला हे त्यांच्या संगणकाला तंतोतंत माहीत होतं. बॅटरीचंही माहीत असतं. ज्या संगणकाला मी काल कुठला बूट बघितला ते आठवतं, त्याला 'आर' नंबरची एक चौकट रिकामी असेल तर वस्तू यादीत घेऊ नको, एवढं सांगायला किती ओळींचा कोड लागतो ते मला विचारा. नंबर ब्यूरोच्या यादीशी ताडून बघायचा म्हटलं तरी आठवड्याचं काम आहे. न करण्याचं कारण तांत्रिक नाही. युरोपनं डिसेंबर २०२४पासून नियम केला की युरोपात जबाबदार धरता येईल असं नाव-पत्त्याचं कुणी नसेल तर वस्तू ऑनलाइनही विकता येणार नाही. तेच विक्रेते, तेच कारखाने, तिथं मात्र पत्ता शोधावा लागतो.

आपल्याकडं बहुधा कुणीतरी जायची वाट बघितली जाते. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला, मग समिती नेमली गेली आणि वर्षाअखेर बॅटरीचे नवे निकष लागू होऊ लागले. दरम्यान सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. कॅमेऱ्याची बॅटरी तिच्यापुढं पिटुकली आहे, मान्य. पण गादी पेटायला पिटुकलं पुरतं. आणि पिटुकल्या आगीचा व्हिडिओ निघत नाही. 'शॉर्टसर्किटनं आग' अशी दोन ओळींची बातमी येते, तीही आली तर.

कॅमेरा कंपन्यांनाही सोडायचं कारण नाही. त्यांची भूमिका अशी, की आमचीच बॅटरी घ्या, नाहीतर तुमची तुम्ही जाणा. पण कॅमेरा दहा-बारा वर्षं चालतो आणि जुन्या मॉडेलची बॅटरी त्याआधीच बाजारातून जाते. मग घ्यायची कुणाची? मध्यम किमतीच्या, नाव-पत्ता असलेल्या दुसऱ्या कंपन्या ही गरजेची गोष्ट आहे, पाप नाही. 'ओरिजिनल की डुप्लिकेट' अशी दोनच खाती पाडली की या मधल्या प्रामाणिक लोकांची गणती चोरात होते. आणि ज्याला ओरिजिनल परवडत नाही तो मग सरळ सगळ्यात स्वस्ताकडं जातो. डुप्लिकेटच घ्यायची तर ८००ची काय अन् १८००ची काय! माझ्या त्या रात्रीच्या वाक्यानं मामांना इतकी वर्षं हेच शिकवलं होतं.

तुळशीची लग्नं झाल्यावर मी लातूरला गेलो. सीझन तोंडावर, बॅटऱ्या घ्यायलाच हव्या होत्या. मामांच्या गाडीवर बसून आम्ही त्यांच्या नेहमीच्या दुकानात गेलो. मी म्हटलं, ज्या खोक्यावर पत्ता आणि 'आर' नंबर असेल तेवढीच दाखवा. दुकानदारानं माझ्याकडं आयकर खात्याचा माणूस बघावा तसं बघितलं. मग आत जाऊन सात-आठ खोकी आणली. दोनांवर दिल्लीच्या आयातदाराचा पत्ता होता. एकावरचा नंबर ॲपमध्ये टाकला तर भलत्याच कारखान्याचा फोन-चार्जर निघाला. दुसऱ्यावरचा जुळला. १९०० रुपये. मामांनी चार घेतल्या आणि पक्कं बिल मागितलं.

"जीएसटी लागतंय मग," दुकानदार म्हणाला.

"लागू द्या."

त्यानं लिहिलं: बॅटरी, ४ नग. मामा म्हणाले, नंबर पण लिहा. "नंबर कशाला?" "माझा भाचा इंजिनिअर आहे," मामा म्हणाले, जणू हा एक आजार आहे. त्यानं नंबर लिहिला. तो खोडून परत लिहिला, कारण एक आकडा चुकला होता.

जुनी, जळालेली बॅटरी आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळू घालून सोबत नेली होती. परत घेता का, असं विचारलं. तो म्हणाला, "भंगारवाल्याला द्या की." येताना भंगारवाल्याकडं थांबलो. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि डबा परत मामांच्या हातात दिला. "ही नको साहेब. फुटती ती."

डबा अजून परसात आहे.